उंबरठ्याच्या आत रेंज नाही

शिरपूरच्या गुलाबबाईंना फोनमधलं कळतं असं आज कोणी म्हटलं, तर त्यांची नात नीलमसुद्धा हसेल. पण एके काळी अर्ध्या गावाचे निरोप गुलाबबाईंच्या हातून जायचे. बसस्टँडजवळ त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाला लागून एसटीडी बूथ. यजमान गूळ जोखायचे आणि काचेच्या खोक्याबाहेर स्टुलावर गुलाबबाई बसायच्या. कोणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली, कोणाचं अकोल्यातलं ऑपरेशन नीट झालं, मानोऱ्याच्या कोणत्या स्थळानं होकार कळवला, सगळं आधी त्यांच्या कानावर पडायचं. आणि त्यातला एक शब्द कधी बाहेर गेला नाही.

अशा बाईनं दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या नणंदेचा फोन मधेच कापला आणि खापर रेंजवर फोडलं.

नणंद म्हणजे सुमती, कारंज्याला दिलेली. गुलाबबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ती चौथीत होती. तिच्या वेण्या गुलाबबाईंनीच घातल्या. गुलाबबाईंच्या मुलानं, कैलासचंदनं, गेल्या वर्षी नवं घर बांधलं. स्लॅबचं, निळ्या काचांच्या खिडक्यांचं, दिवाणखान्यात दुधी रंग. ते बघून गेल्यावर सुमतीनं फोनवर विचारलं, "वयनी, सगळं घर पाह्यलं मी. भाऊचा फोटो कुठं दिसला नाई?"

दिवंगत यजमानांचा फोटो कपाटावर गुंडाळून ठेवला होता. नव्या रंगाला खिळा नको, असं कैलासचंद म्हणाला होता आणि गुलाबबाई गप्प बसल्या होत्या. त्याची टोचणी आधीच होती. त्यात हा प्रश्न. त्यांनी लाल बटण दाबलं. मग ओट्यावर बसलेल्या शेजारच्या गणेशला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गेली वाटते रेंज!"

तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं. सुमतीनं नंतर चार-पाचदा लावला. एकदा "हॅलो, हॅलो" झालं, एकदा तेही नाही. मग तिनं लावणंच सोडलं. गुलाबबाईंनी दोनदा लावला, तर 'आवाज येत नाई' म्हणून तिनं ठेवून दिला.

आज क्षमावाणी होती. दशलक्षणाचे दहा दिवस संपले, की या दिवशी जैन घरांत लहान-मोठे सगळे वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. गावातली माणसं सकाळी मंदिरात भेटली. बाहेरगावच्यांना कैलासचंदनं दुकानातून मेसेज टाकले. पण सुमतीला मेसेज पाठवून भागणार नव्हतं, आणि दिवस मावळल्यावर मागितलेली क्षमा गुलाबबाईंच्या लेखी शिळी.

अडचण अशी, की सकाळीच मंदिरात त्यांनी दहा दिशांचा नियम घेऊन टाकला होता. घरी पोचल्यापासून दिवस मावळेपर्यंत पुढचा उंबरठा ओलांडायचा नाही, मागचाही नाही. वर म्हणजे जिना चढायचा नाही. आणि खालची दिशा राहायला नको म्हणून, कोणी तळघर खणलं तरी त्यात उतरायचं नाही. सूट एकच ठेवली, क्षमा मागण्यापुरत्या फोनची. आता नव्या घरात उंबरठ्याच्या आत रेंज नसते हे नियम घेताना त्यांना ठाऊक नव्हतं, असं काही म्हणता येत नाही.

दुपारभर त्या फोन घेऊन घरात फिरल्या. देवघरात एक काडी, स्वयंपाकघरात अर्धी, दिवाणखान्यात काहीच नाही. चार वाजता गणेश कढीपत्ता द्यायला दारात आला.

"गणेश, वर्षभरात काही चुकलं असन तर उत्तम क्षमा बरं."

"काकू, दरवर्षी तुमी माफी मागता अन् मले वाटते माह्यंच काही चुकलं," गणेश म्हणाला. "फोन कायले फिरवून राह्यल्या?"

"रेंज नाई."

"नाईच राह्यनार! सोयाबीन कमरेइतकं झालं की रेंज जाते. कापनी झाली की येते बराबर. वावरात मी तीन वर्षं पाहून राह्यलो."

"गणेशकाका, सोयाबीन काय टॉवर खाते काय?" आतून नीलम आली. अमरावतीला ती इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती आणि सणाला घरी आली होती. असा प्रश्न म्हणजे तिला मेजवानीच. "झाडापाल्यात पाणी असतं, ते थोडी रेंज पिते, तेवढं खरं. पण कमरेइतक्या पिकानं काय होते?"

"मंग पहिले कशी येत होती? आता टॉवर म्हातारा झाला म्हन."

"टॉवर तोच आहे काका, पंगत वाढली. दोन वाढपी अन् पन्नास पानं होती, तेव्हा सगळ्यांले गरम मिळत होतं. आता पाचशे पानं, अन् प्रत्येकाले बासुंदीच पायजे. पोट्टे दिवसभर व्हिडिओ पाहतात, ती बासुंदी."

गणेशला हे पटलं, कारण त्याचा पोरगा तेच करत होता. तो घाईनं घराकडे गेला.

नीलमनं स्वतःच्या फोनवर एक ॲप उघडलं आणि घर मोजायला सुरुवात केली. "हे बघ आजी, आकडे उणे आहेत. शून्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. ओट्यावर उणे पंच्याण्णव, झकास. अन् दिवाणखान्यात उणे एकशे अठरा! बाबानं घर नाई, तिजोरी बांधली. स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी, वरतून या निळ्या काचा. त्यायच्यावर धातूचा पातळ थर असते. ऊन थांबते अन् रेंजही थांबते." मग तिनं आजीचा फोन उलटसुलट केला. "अन् हा तर थ्रीजीचा डबा. थ्रीजी बंद केलं कंपनीनं. आता हा जुन्या टूजीवरच लटकून आहे."

"मंग मी काय करू?"

"गच्चीवर चल. तिथं भरपूर रेंज आहे."

"वरची दिशा सोडली मी."

"बरं, मग मी जातो गच्चीवर अन् आत्याआजीले तुह्या वतीनं सांगतो."

"हद्दीबाहेर मानूस पाठवनं, तोही दोष."

"खिडकीतून गणेशकाकाले हाक मारून..."

"हद्दीबाहेर आवाज देनं, तोही दोष. पाठशाळेत पाठ केलं नाई काय तू? बाहेरून वस्तू मागवनं, खुणा करनं, खडा फेकनं, सगळे दोष."

नीलमनं कपाळाला हात लावला. "आजी, या नियमात तर कंपनीच्या इंजिनियरपेक्षा जास्त अटी आहेत!" पण लगेच तिचा चेहरा उजळला. "पन तू कायले जीवाले लावून घेते? तुही काही चूकच नाई. हे सगळे आकडे मी आत्याआजीले पाठवतो. फोन तू कापला नाई, घरानं कापला. माफी मागायचीच गरज नाई!"

मोठी सोय होती ती. गुलाबबाईंनी क्षणभर त्या आकड्यांकडे बघितलं. शिकलेल्या नातीनं मोजून दिलेला पुरावा. कोणी त्यावर प्रश्न विचारला नसता. सुमतीनंही नाही.

"त्या दिवशी मी घरात नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "ओट्यावर होती."

नीलमनं ॲपमधून डोकं वर काढलं. ओट्याचा आकडा तिनंच मघाशी वाचला होता. नख घालून तिनं आजीच्या फोनचं मागचं झाकण काढलं, सिम बाहेर घेतलं आणि सुमतीला आजीचाच नंबर दिसावा म्हणून आपल्या फोरजी फोनमध्ये बसवलं. टॉवर स्वयंपाकघराच्या बाजूला होता. तिथली निळी काच सरकवून तिनं खिडकी सताड उघडली आणि फोन कट्ट्यावर ठेवला.

"उणे एकशे दोन. लागन फोन. खिडकीपासून हलू नको."

बाहेर ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"सुमती, उत्तम क्षमा. वयनी बोलून राह्यली."

"उत्तम क्षमा, वयनी." आवाज स्वच्छ होता, पण जपून ठेवलेला. "रेंज आली वाटते तुमच्या घरात."

"रेंज तवाही होती," गुलाबबाई एका दमात म्हणाल्या. "मीच कापला फोन. भाऊचा फोटो कपाटावर पडून आहे अन् मी तोंड उघडलं नाई. तू इचारलं, मले झोंबलं. त्याची क्षमा मागतो मी, दुसरी कायची नाई."

पलीकडून काहीच आलं नाही. नीलमनं घाईघाईनं पडद्यावरच्या काड्या पाहिल्या, दोन होत्या. गुलाबबाईंनी "हॅलो" म्हटलं नाही. सुमती तिकडे आहे, तिला वेळ लागतो आहे, एवढं त्यांना ऐकू येत होतं.

"मले माहीत होतं," शेवटी सुमती म्हणाली. "रेंज जाते तवा मानूस आधी तुटक-तुटक येते. तुमी एकदम खटकन गेल्या. राग आला मले. मंग नंतर तुमी दोनदा लावला, तवा मीच 'आवाज येत नाई' म्हनून ठेवला. तुमचा आवाज येत होता."

"हो काय व!"

"हो. घ्या, माहीही क्षमा घ्या."

दोघी हसल्या, आणि हसता हसता सुमतीनं पुन्हा विचारलं, "पन वयनी, फोटोचं काय?"

"तेच पाहतो. तू फोन ठेवू नको."

सूर्य बुडाला तसा नियम सुटला. गुलाबबाईंनी नीलमला कपाटावरून फोटो काढायला लावला, स्वतः पाटा-वरवंट्याच्या कोपऱ्यातून हातोडी आणि खिळा शोधला आणि दिवाणखान्यात दुधी भिंतीसमोर उभ्या राहिल्या. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीतच होता आणि तिथून सुमतीचा आवाज येत होता, "थोडं वरते घ्या! दारातून आल्याबरोबर दिसला पायजे!" ती काय बघून सांगत होती ते तिचं तिला माहीत.

तेवढ्यात दुकान बंद करून कैलासचंद आत आला. "आई! आई, रंग! तिथं नको, नवीन..."

"उत्तम क्षमा, बाबू," गुलाबबाई म्हणाल्या आणि पहिला घाव घातला.