शुभेच्छुक, तन्वीचे पप्पा

"कबड्डी बंद! मोबाइल बंद! उद्यापासून घर ते शाळा, शाळा ते घर!"

सावंतसाहेब माझ्या केबिनमध्ये उभ्यानेच गरजत होते. विरार पूर्वेच्या एका शाळेत मी काउन्सेलर आहे. मुलांच्या अडचणी ऐकायच्या, हे माझं काम. हल्ली बऱ्याचशा अडचणी मोबाइलमधूनच येतात.

सावंतांची तन्वी सातवीत. शाळेच्या संघात चढाईला एक नंबर. जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर, आणि बापाने हे फर्मान काढलेलं. पोरगी आईच्या मागे उभी राहून रडू आवरत होती.

"आधी बसा. झालं काय?"

आईने तन्वीचा मोबाइल पुढे केला. कुणा 'कोच सरां'चा मेसेज होता. 'चंदनसारच्या मैदानावर संध्याकाळी प्रॅक्टिस करतेस ना? निवड नक्की करून देतो. तुझे फोटो पाठव. घरी सांगू नकोस, सरप्राइज देऊ.'

आमच्या भाषेत याला ग्रूमिंग म्हणतात. आधी कौतुक, मग विश्वास, मग गुपित आणि शेवटी मागण्या. 'घरी सांगू नकोस' आलं की समजायचं, पाणी मुरतंय.

"फोटो पाठवलास?"

"नाही टीचर. लगेच आईला दाखवलं."

"शाब्बास!"

"शाब्बास काय, मॅडम?" सावंत भडकले. "त्याला मैदान कसं माहीत? हिनेच काहीतरी टाकलं असणार!"

प्रश्न बरोबर होता. मी तन्वीचं अकाउंट तपासलं. प्रायव्हेट, म्हणजे तिने होकार दिलेल्यांनाच दिसणारं. शाळेचं नाव नाही, स्वतःचा फोटोही नाही. पोरीने चोख बंदोबस्त केला होता.

"सावंतसाहेब, तुमचा मोबाइल बघू."

"माझा? माझा कशाला?"

"दाखवा हो," त्यांची बायको म्हणाली. तिला बहुधा अंदाज आला होता.

त्यांचं अकाउंट उघडून बघते तर काय, झगमगता बॅनर! आपल्याकडे पोराला दात आला तरी बॅनर लागतो, तसलाच. मधोमध तन्वी. खाली पूर्ण नाव, इयत्ता, शाळा आणि 'चंदनसारच्या मैदानावर रोज संध्याकाळी घाम गाळणारी विरारची वाघीण'. तळाला 'शुभेच्छुक, तन्वीचे पप्पा'. पोस्ट पब्लिक, म्हणजे अख्ख्या जगाला खुली. वर तन्वीला टॅग, म्हणजे तिच्या अकाउंटचा पत्ताही दिलेला. त्याच 'कोच सरां'ची 'ग्रेट बेटी' अशी कमेंट होती. सावंतांनी त्याला हात जोडून 'धन्यवाद सर' म्हटलं होतं!

सावंत मटकन खुर्चीत बसले. "कौतुकाने टाकलं हो मी..."

"पप्पा, वाघीण?" तन्वी रडता रडता हसली. मग आईही हसली. सावंतांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

मेसेज पुसायचा नाही, हे मी आधी बजावलं. तो पुरावा असतो. त्याचा आणि कमेंटचा स्क्रीनशॉट घेतला, म्हणजे पडद्यावर दिसतं त्याचा फोटो. मग त्या माणसाला ब्लॉक केलं, बॅनर उतरवला.

पोलिसांत तक्रार करा म्हटल्यावर आमच्या मुख्याध्यापिका कुरकुरल्या. "पोलिसांत? उगाच शाळेचं नाव येईल."

"येऊ दे की मॅडम. मुलींची काळजी घेणारी शाळा म्हणून येईल."

सावंत त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे जाऊन आले.

"आणि कबड्डी?" तन्वीने हळूच विचारलं होतं.

"खेळ बाई. सोडायला मी येतो," सावंत म्हणाले. ते अजून जातात. तन्वीची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले. ऑनलाइन काही टाकलं नाही.

तन्वीने घरी सांगितलं तरी तिचा मोबाइल गेला नाही, कबड्डीही सुटली नाही, ही बातमी शाळेत पसरली. काही दिवसांनी आठवीतली एक मुलगी माझ्या दारात आली.

"टीचर, मोबाइल काढून घेणार नाही ना?"

"नाही गं. ये, बस."

मेसेज त्याच 'कोच सरां'चे होते. कितीतरी दिवस ती एकटीच ते वाचत होती. आता तिचीही तक्रार पोलिसांत आहे.

पालक मला मोबाइलचं सेटिंग विचारतात. सेटिंग मी पाच मिनिटांत शिकवते. पण पोर सांगायला आलं की आधी ऐकून घ्या. ओरडायला आयुष्य पडलंय.