छपरातलं भोक आणि अकरा नावं

“अकरा नावं आहेत फादर, मी मोजली. बारावं कुठंय?”

“अगं ऑर्तेन्सिया, हा खगोलशास्त्राचा फलक आहे! तुझे वडील इथे झाडू मारायचे.”

“आणि झाडू मारून झाला की रोज बारा वाजता उन्हाच्या ठिपक्याची खूण कोण करायचं? हे अकरा जण? यातले तिघे तर गावात एकदाच आले, तेही जेवायला!”

आमच्या चर्चच्या छपरात बोटभर भोक आहे. तिथून उतरलेला उन्हाचा ठिपका भर दुपारी फरशीतल्या पितळी पट्टीवर येतो. त्याच्या जागेची रोज नोंद करायची, की सूर्याचं वर्षभराचं येणं-जाणं कळतं. ऑर्तेन्सियाच्या वडिलांनी, उबाल्दोंनी, एकतीस वर्षं ती केली. पुढची सव्वीस वर्षं हिने. त्या नोंदींवर शहरातल्या प्राध्यापकांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात बायकोचे, बिशपांचे, झालंच तर स्वतःच्या चष्म्याचेही आभार मानले. उबाल्दोंचा उल्लेख ‘स्थानिक व्यवस्था’.

कबुतरांनी घाण करून भोक बुजवू नये म्हणून त्याला लाकडी झडप आहे. छपराच्या तुळया कुजलेल्या. कुठे पाय द्यायचा ते एकट्या ऑर्तेन्सियाला ठाऊक. रोज साडेअकराला ती वर चढते, झडप उघडते, खाली येऊन ठिपका पट्टीवर आला की घंटा वाजवते. त्या घंटेवर अख्खं गाव पास्ता पाण्यात सोडतं.

“फलकाच्या अनावरणाला बिशपसाहेब येतील एवढ्यात,” फादर म्हणाले. “आज ती शिडीबिडी नको, बरं दिसत नाही. ॲप्रन काढ आणि मागे उभी राहा.”

“आणि बाबांचं नाव?”

“पुढच्या फलकावर बघू.”

“म्हणजे शंभर वर्षांनी?”

“चर्चच्या हिशेबात ते लवकरच.”

पाहुणे आले. प्राध्यापकांनी अकराही नावं भरल्या गळ्याने वाचली. मग घड्याळ पाहत म्हणाले, “आणि आता, मान्यवरहो, साक्षात सूर्य!”

सगळे पट्टीवर ओणवे झाले. बिशपांनी टोपी धरून ठेवली.

फरशी कोरडी ठणठणीत, ठिपक्याचा पत्ता नाही.

“ढग आला असेल,” प्राध्यापक म्हणाले. बाहेर दगड तापून फुटायच्या बेतात होते.

बारा वाजून सात मिनिटं. दारातून खानावळवाली ओरडली, “ओ फादर, आज बारा वाजणार आहेत की नाही? पाणी आटलं माझं!”

तेव्हा कुठे फादरनी वर पाहिलं. मग घाईघाईने मागच्या बाकापाशी आले.

“ऑर्तेन्सिया, अगं, ती झडप... बरं, तू नको चढूस. कुठल्या तुळईवर पाय द्यायचा, तेवढं सांग या साहेबांना.”

प्राध्यापकांनी शिडीकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

“सांग ना गं बाई!”

ऑर्तेन्सियाने फलक एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. सांगितल्याप्रमाणे काढलेला ॲप्रन घडी करून फादरच्या हातात दिला, आणि पितळी पट्टी ओलांडून भर उन्हात निघून गेली.