आवाजाची चिठ्ठी

माझ्या लेकीला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, आणि वादविवाद स्पर्धेसाठी तिला चिठ्ठी निघाली ती आवाजाची. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

विषय होता : चित्रं हलवून त्यांचा सिनेमा करणाऱ्या त्या आद्य माणसाची सर्वांत मोठी कामगिरी कोणती? कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. एरवी आमच्याकडच्या स्पर्धांना 'मोबाइल : शाप की वरदान' यापलीकडे विषय सुचत नाही. बाजू तीन होत्या. त्याने चित्रांना आवाज जोडला, ही एक. त्याने अख्खी मोठी गोष्ट नुसत्या चित्रांतून सांगितली, ही दुसरी. आणि त्याने चित्रातल्या उंदरा-मांजरांना माणसांसारखा स्वभाव दिला, ही तिसरी. माझ्या लेकीला तिसरी हवी होती. लहानपणापासून ती कार्टून बघत आली ती कानाचं मशीन काढून ठेवून. कुठलं मांजर चिडलंय, कुठलं नुसतं चिडल्याचं नाटक करतंय, हे ती भुवयांवरून सांगायची. त्या बाजूने ती बोलली असती तर समोरच्याची छुट्टी झाली असती.

"मी उद्या स्पर्धेच्या सरांना फोन करते," मी म्हणाले. "चिठ्ठी बदलून देतील. सांगते त्यांना सरळ."

"काय सांगणार?" तिने विचारलं.

ती अकरावीला, नव्या कॉलेजात, केसांखाली मशीन लपवून जात होती. वर्गशिक्षक सोडले तर कुणाला पत्ता नव्हता. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, मला हे लपवणं मुळीच पटत नव्हतं. पण ती म्हणाली, "शाळेत दहा वर्षं मला बक्षीस मिळालं की लोक म्हणायचे, बिचारी. मला एकदा तरी नुसतं बक्षीस हवंय. नाहीतर नुसतं हरायचंय." मग तिने बजावलं, तिथे कुणालाही काहीही सांगायचं नाही. मी शब्द दिला. एवढ्याशा शब्दाची पुढे केवढी किंमत पडेल, कुणाला ठाऊक होतं!

आमच्यात आणखी एक करार होता, जुना. तो समजायला घरची तऱ्हा सांगायला हवी. म्हसावदला आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात. पण ती तीन वर्षांची असताना धुळ्याच्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पोरीशी एकच भाषा बोला, शाळेची. झालं! तेव्हापासून तिच्याशी आम्ही सगळे पुस्तकासारखं बोलतो आणि तिने तोंड फिरवलं की आपलं 'काय करी ऱ्हायनी वं' सुरू. अहिराणी बोलणारे ओठ तिला वाचता येत नाहीत. आम्ही हसलो की ती विचारायची, "काय झालं?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही, नंतर सांगते." ते नंतर कधी यायचं नाही. चौथीत असताना एकदा तिने हातातलं ताट आपटलं आणि ओरडली, "काही नाही म्हणायचं नाही!" त्या दिवसापासून आमचं ठरलं. कुणी काहीही बोलो, चांगलं, वाईट, घाणेरडं, तिने विचारलं की मी जसंच्या तसं सांगायचं. मी ते पाळत आले होते. तिच्या मावशीचं बोलणंही सांगितलं होतं, आणि त्यावरून मावशीशी वर्षभर अबोला झाला होता.

तर तयारी. मी रात्रंदिवस मास्तरकी करणारी बाई, दोन दिवसांत पाच पानी भाषण लिहून दिलं. 'ध्वनी हा चित्राचा प्राण आहे' वगैरे. तिने वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, "हे तुझं आहे. मला आवाज माहीत नाही, मी प्राण कुठून म्हणू?" मग ती मलाच प्रश्न विचारू लागली. कार्टूनमधलं मांजर जिन्यावरून पडतं तेव्हा काय ऐकू येतं? मी म्हणाले, धडाडधूम. धडाडधूम म्हणजे कसं? आता काय सांगू! मी तिच्या पाठीवर मुठीने हळूहळू जिना वाजवून दाखवला. आणि मांजर चोरपावलांनी येतं तेव्हा? तेव्हा मी दोन बोटं तिच्या दंडावर चालवली. ती डोळे मिटून बसायची. असं आठ दिवस चाललं. तिने काय लिहिलं ते मात्र मला दाखवलं नाही.

स्पर्धा धडगावच्या बाजूला, डोंगरातल्या एका कॉलेजात होती. आम्ही सकाळच्या जीपने निघालो. घाटात जीप अशी हेलकावत होती की माझ्या पोटातलं सगळं वर येत होतं, आणि ही समोरच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवत भाषण घोकत होती. आवाज काढत नव्हती. मी मुद्दाम बाहेर बघत राहिले, कारण इतक्या वर्षांत ओठ वाचायला मीही शिकले आहे, आणि मला चोरून ऐकायचं नव्हतं.

हॉलमध्ये लाउडस्पीकरने कान किटत होते. तिच्या मशीनला तो कल्लोळ अजिबात सोसत नाही, शिट्टी वाजते. नाव पुकारायच्या आधी तिने केसांखाली हात घातला, मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी अंगठा दाखवला.

ती छान बोलली. तिचे उच्चार थोडे जड आहेत, पण त्या हॉलमध्ये कोण कुठल्या गावचं, कोण पावरी बोलणारं, कोण भिली, कुणाचे उच्चार पुस्तकातले होते? कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ती म्हणाली, इतर दोन्ही बाजू मला जास्त आवडतात, पण मला आवाजाची बाजू मिळाली म्हणून मी शोध घेतला. लोक हसले. मी ताठ बसले. आता ही जिंकते, असं वाटलं मला, खरंच वाटलं.

आणि टण्ण करून घंटा वाजली.

चार मिनिटांची. पहिली घंटा म्हणजे आवरा. दुसरी पाचला, म्हणजे थांबा. नंतर बोललेलं परीक्षक धरत नाहीत आणि वर गुण कापतात. अहो, मला कुणी सांगायची गरज नव्हती! तालुक्याच्या किती स्पर्धांना घड्याळ घेऊन मी स्वतः ती घंटा वाजवली आहे. पोरं रडकुंडीला आली तरी दाबून वाजवली आहे. आठ दिवस मी तिला जिन्यांचे आणि मांजरांचे आवाज शिकवत बसले, आणि ही घंटा माझ्या डोक्यातही आली नाही. घंटा वाजवणारी मुलगी तिच्या मागे बाजूला बसली होती. नुसतं एक लाल कार्ड समोरून दाखवा म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते म्हणायला आधी का ते सांगावं लागलं असतं.

दुसरी घंटा झाली. माझी लेक शांतपणे पान उलटून पुढे बोलत होती.

मी अर्धी उठले. हात वर केला की ती माझ्याकडे बघेल, मला माहीत होतं. पण श्रोत्यांतून कुणी खूण केली तर स्पर्धक बाद, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. आणि मी उठून हातवारे केले की सगळा हॉल वळून बघणार, कुजबुजणार, आणि दहा मिनिटांत ती पुन्हा 'बिचारी' होणार. मी बसले. पुन्हा उठले. शेजारची बाई मला म्हणाली, "पोर भारी बोली ऱ्हायनी, पन घंटी कसाले ऐकत नही वं?" घंटा का ऐकत नाही, हे मी काय सांगू तिला?

मग ती घंटा वाजवणारी पोरगी थांबेचना. टणटणटण सुरूच. माझ्या पोरीचा एक शब्द कुणाला ऐकू येईना. मला मात्र तिचे ओठ दिसत होते.

ती म्हणत होती, "मला कार्टून बघायला समोर बसावं लागतं. माझी आई भाकरी थापत असते, तिची पाठ टीव्हीकडे असते. तरी मांजर पडलं की ती हसते. बरोबर त्याच क्षणी हसते. मी लहानपणी समजायचे की आईला पाठीत डोळे आहेत. या माणसाच्या आधी चित्र फक्त समोर बसलेल्याचं होतं. त्याने ते पाठ फिरवलेल्या माणसालाही दिलं. माझ्या आईला दिलं. म्हणून हीच त्याची सर्वांत मोठी कामगिरी."

सतरा वर्षं मी तिच्याकडे पाठ करून हसत आले आणि ती ते बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती थांबली, घंटाही थांबली. परीक्षकांनी माइक अगदी तोंडाला लावला आणि वैतागून म्हणाले, "बेटा, घंटा ऐकू येत नाही का?"

कुणीही म्हणेल असंच बोलणं. मीसुद्धा पोरांना हेच म्हणत आले आहे. माइकमागे त्यांचे ओठ तिला दिसलेच नाहीत. तिला वाटलं, शाबासकी देतायत. तिने हात जोडले, म्हणाली, "धन्यवाद, सर."

सगळा हॉल खदाखदा हसला. आणि तीही हसली, कारण तिला वाटलं, तिचं भाषण पोचलं.

बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून ती पाणी प्यायली. चेहरा कसा फुलला होता. मशीन अजून बंदच होतं. माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "सर काय म्हणाले?"

मी तोंड उघडलं. जसंच्या तसं सांगायचा करार होता. सात वर्षं मोडला नव्हता.

"काही नाही," मी म्हणाले.

ती बघतच राहिली माझ्या ओठांकडे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. हुशार आहे हो, तिला फार सांगावं लागत नाही.

"घंटा वाजली होती?"

"हो."

"कधी?"

"तुझं आईचं सुरू झालं त्याच्या आधी."

"म्हणजे ते कुणी ऐकलंच नाही."

"मी वाचलं," मी म्हणाले.

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तू हात का नाही केलास?"

"तूच म्हणाली होतीस ना, कुणाला कळू द्यायचं नाही? आणि खूण केली असती तर बाद केलं असतं."

"हो," ती म्हणाली. "तरी."

या 'तरी'ला मी आजवर उत्तर शोधते आहे. तिचं चूक नव्हतं. माझंही, म्हटलं तर, नव्हतं.

निकालाला आम्ही थांबलो नाही. खाली जाणारी जीप भरतच आली होती. येताना ती माझ्यासमोर बसली होती. आता ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली आणि मला मागच्या बाकावर जागा मिळाली. घाट सुरू झाला. मला तिला सांगायचं होतं की यापुढे मी भाकरी थापायला टीव्हीकडे तोंड करून बसेन. काहीतरी वेडंवाकडं, पण सांगायचं होतं. मी हाक मारली. परत मारली, मोठ्याने.

ड्रायव्हरने वळून पाहिलं.