पोपटाचा खोकला

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. दवाखान्यात कुणी कुत्रं-मांजर घेऊन आलं, की त्या मालकाला तोंडच उघडू देत नसत. "तुम्ही जरा थांबा. आधी पेशंटला बोलू द्या," म्हणत आणि जनावराच्या बरगड्यांना कान लावत. स्टेथोस्कोप गळ्यात असायचा, पण कान आधी. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी बोलायला कुणी नाही म्हणून कान असे तिखट झालेत, असं लोक म्हणत.

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या पोपटानं मात्र त्यांना चकवलं. तो खोकत होता, तेही थेट माणसासारखा. आधी दोन कोरडे ठसके, मग तळातून खेचून काढलेला ओला खोकला, शेवटी बारीकसं कण्हणं. डॉक्टरांनी आठवडाभर औषध दिलं. खोकला गेला नाही, पण पोपटाचं वजन वाढलं, पिसं तुकतुकीत झाली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, हा आजारी नाही. नक्कल करतोय. घरात खोकतं कोण?"

"म्हणजे या लबाडाला कडू औषध पाजताना रोज बोटं चावून घेतली, ती फुकटच?" मावशी म्हणाल्या. "आणि खोकणार कोण? मी एकटी. मला साधी शिंक येत नाही."

"शेजारी?"

"नवराबायको दोघंही ठणठणीत. भांडतात तेव्हा कळतं ना. आणि वरचं घर तर केव्हाचं बंद आहे."

पोपट पुन्हा खोकला आणि डॉक्टरांनी पिंजऱ्याला कान लावला. आठवड्यापूर्वीचा जोर त्यात उरला नव्हता. पेशंट दिवसेंदिवस धडधाकट होत होता आणि त्याचा खोकला खंगत चालला होता. तो ज्याचा कुणाचा होता, ते माणूस संपत आलं होतं.

"पिंजरा घ्या मावशी. तुमच्या घरी जाऊ."

पिंजऱ्याची जागा मागच्या खिडकीशी होती. बाहेर पाइपांचा अरुंद, अंधारा बोळ. मावशींनी पिंजरा अडकवला, दोघी शिवणाच्या मशीनपाशी बसल्या. भर दुपार, पण खोलीत गारवा होता. पोपटानं मान तिरकी करून वर बघितलं. आता तो खोकला नाही. त्यानं एक घरघरता श्वास ओढला आणि थांबला. इतका वेळ थांबला, की मावशींनी डॉक्टरांचं मनगट धरलं. मग पुन्हा एक श्वास.

"हे नवीनच आहे," मावशी पुटपुटल्या. "कुणाचं आहे हो हे?"

डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं. बंद घराच्या खिडकीत एक टॉवेल वाळत होता.

दोघी इमारतीच्या वॉचमनला घेऊन वर धावल्या. त्यानं कुलूप तोडलं असतं, पण दाराला कुलूप नव्हतंच. कडी आतून होती. ती उचकटली, तेव्हा उघड्या गादीवर त्या घराची म्हातारी मालकीण पडलेली दिसली. मुलाशी बिनसलं म्हणून कुणाला न सांगता परतली होती. श्वास चालू होता, नसल्यासारखा.

ती वाचली. दोघी तिला बघायला हॉस्पिटलात गेल्या, तेव्हा मावशींनी विचारलंच, "अहो, एक हाक तरी मारायची!"

"मारणार होते. पण खाली कुणीतरी माझ्यासारखंच आजारी होतं ना. मी खोकले की तेही खोकायचं, अगदी तसंच. त्या बिचाऱ्याला आणखी कशाला त्रास?" म्हातारी म्हणाली. "शेवटी शेवटी तर त्याचा श्वास ऐकू आला, की मग मी माझा घ्यायचे. बरं आहे का ते?"



"बरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मिरच्या खातंय."

संध्याकाळी घरी येऊन दार लावताना डॉक्टरांना साधा ठसका लागला. कडीवरचा हात तसाच राहिला. त्या कान देऊन उभ्या राहिल्या, उत्तर येतंय का ते ऐकत.