शपथेतली पळवाट

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात लेक जाडजूड कादंबरी घेऊन धावत आली.

"आई, ऐक ना! या सरदाराने जादूची शपथ घेतलेली असते, 'माझ्या हाताने राजाला विष देणार नाही.' मोडली तर तो दगड होणार. मग तो विषाचा पेला राणीच्या हातून पाठवतो! त्याला काहीच होत नाही. हुशार ना?"

"हुशार," मी म्हणाले आणि ओली चादर झटकत राहिले.

आजारपणात आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझा हात धरून म्हटलं होतं, "मला दवाखान्यात नेणार नाहीस, शपथ घे." मी घेतली. आठवड्याभराने त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. मी दादाला फोन केला, "तू येऊन ने त्यांना. मी शब्द दिलाय." दादाने त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. मी दारातच उभी राहिले. आप्पांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं.

जादूला फक्त शब्द कळतात. माणसाला सगळंच कळतं. आणि पळवाट काढणारा दगड होत नाही, त्याला रोजची कामं करत राहावं लागतं. फार थकायला होतं.

आप्पा बरे होऊन घरी आले, पुढे वर्षभर जगले. रागावले नाहीत, कधी विषयही काढला नाही. फक्त त्यानंतर काहीही सांगायचं झालं, की शेवटी हळूच म्हणायचे, "तुला जमेल तसं कर."