कोमट पाण्यातली अंडी

अवसरीच्या ठमाबाईंनी लग्नानंतर माहेराहून एक काळी कोंबडी आणली होती. तिचा वंश त्यांनी आजवर परड्यात टिकवला. बाजारातली पिल्लं कधी घेतली नाहीत. त्या वंशातली शेवटची कोंबडी यंदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली, आणि पिल्लं निघायच्या बेतात असताना मुंगसाने तिला नेलं. ठमाबाई सकाळी पाहतात तो डालग्यात नुसती पिसं आणि गार पडलेली अंडी.

“आत्याबाई, टाका ती उकिरड्यावर,” सून आरती म्हणाली. “आता आम्लेटबी व्हायचं न्हाई त्यांचं.”

“तू पाणी कोमट कर आधी. आत जीव असंल तर अंडं पाण्यात हालतं.”

परातीत अंडी तरंगू लागली, पण एकही हलेना. पाण्याला धक्का नको म्हणून ठमाबाईंनी श्वासही रोखून धरला. शेवटी आरती परात उचलायला वाकली आणि तशीच थांबली. कडेचं एक अंडं थरथरलं, आपसूक फिरलं. मग त्याच्या शेजारचं.

ठमाबाईंनी पहिलं अंडं पदराने टिपून कानाशी धरलं आणि कोंबडीसारखं हलकेच केलं, “कुक्, कुक्.”

कवचाआडून बारीक ‘चिंव’ आलं. अजून जगात न आलेला जीव हाकेला ओ देत होता! आजवर इतकी पिल्लं निघाली, तरी ठमाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी अंडं सुनेच्या कानाला लावलं.

आरतीचे डोळे मोठे झाले. दोन्ही अंडी तिने गाऊनच्या ओच्यात घेऊन पोटाशी धरली.

“आत्याबाई,” ती कुजबुजली, “परत हाक मारा की.”