चार्जिंगवर ठेवलेला रिमोट

माझ्या नवऱ्याचं विमान थर्माकोलचं आहे. पंख त्यांनी स्वतः कापले, सांधे स्वतः चिकटवले. रिसालीच्या आमच्या घरात ते दिवाणाच्या वर टांगलेलं असतं. रविवारी सकाळी आम्ही ते मैदानावर नेतो. स्कूटर मी चालवते आणि हे मागे विमान मांडीवर धरून बसतात.

त्या उन्हाळ्यात विमान ठीक होतं, पण रिमोट त्रास देऊ लागला. तो आठ रिचार्जेबल पेन्सिल सेलवर चालतो. मैदानावर चालू केला की पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली दिसे. मग विमान वर जाई आणि जरा वेळातच रिमोट बीप-बीप करू लागे. एकदा तसंच घाईने उतरवताना विमान फिरायला आलेल्या बायकांच्या डोक्यावरून गेलं. मैदानावर विमान उडवणारे सगळे ज्यांचं ऐकतात ते जुने काका चालत आले.

"भाई साहब, एक बार और ऐसा हुआ तो यहाँ मत उड़ाना. किसी का सिर फूटेगा."

घरी आल्यावर यांनी विमान टांगलं आणि रिमोट चार्जरला लावला. निवृत्तीनंतर घराबाहेर त्यांची म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती. ती गेली तर रविवार काय, आठवडाच रिकामा होणार, हे मला दिसत होतं.

'बघू नंतर' हे मला जमत नाही. कॅलेंडरच्या मागे मी संशयितांची नावं लिहिली: स्प्रिंगा, बटण, चार्जर, ऊन. रोज संध्याकाळी एक तपासायचं आणि खोडायचं. स्प्रिंगा मी खोडरबराने घासल्या. बटण यांनी उघडून साफ केलं. मैदानावरच्या एकाकडून तसाच दुसरा चार्जर आणून पाहिला. रिमोटला ऊन लागू नये म्हणून त्याला माझ्या जुन्या ओढणीची टोपी शिवली. सगळी नावं खोडून झाली, तरी बीप-बीप तशीच.

शनिवारी कपाट पुसताना रिमोट हातात घेतला, तर त्याची पाठ कोमट लागली.

"अहो, हे गरम कावून लागून राहिलं?"

"चार्जिंगवर हाय न वो. गरम नाही होईन त काय थंड होईन?"

"कालपण गरमच होतं. परवापण."

"तुले काय समजते बॅटरीतलं?"

"बॅटरीतलं नाही समजत. गरम-थंडातलं समजते."

यांची नोकरी चरोद्याच्या रेल्वे यार्डात, सिग्नलच्या बॅटऱ्यांवर गेली. त्या मोठ्या ॲसिडच्या बॅटऱ्या कायम चार्जिंगला जोडलेल्या असतात, कारण वीज गेली तरी सिग्नल विझता कामा नये. आमच्या घरीही तोच नियम होता. इमर्जन्सी दिवा, टॉर्च, मोबाइल, सगळं सदा जोडलेलं. रिमोट तर रविवारी मैदानावरून आला की चार्जरला लागायचा आणि पुढच्या रविवारीच निघायचा.

मी विचारलं, "यार्डात बॅटरी चांगली हाय का खराब, कसं पाहत होते तुमी?"

"आकड्यावर नाही जायचं. चार्जर काढायचा, लोड द्यायचा, अन् किती टिकते ते पाहायचं..."

बोलता बोलता ते उठले. रिमोट चार्जरवरून काढला, चालू केला आणि ओट्यावर ठेवला. मी शेजारी डाळ लावली. कुकरची दुसरी शिटी झाली आणि रिमोट ओरडायला लागला.

त्यांनी झाकण उघडून सेल हातात घेतले. एकाच्या टोकाला पांढरी भुकटी आली होती.

"उकडून टाकले न वो मी यायले," ते म्हणाले. "हे भरले का भरले. मंग पुढचा करंट सारा गरमीत जाते. अन् हा चार्जर आपल्या मनानं बंदच नाही होत."

त्यांच्या हाताला इतकी वर्षं एकच काळजी माहीत होती. एखादी वस्तू जोडून न ठेवणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. मी घरात कितीदा अशी काळजी करते, हे मी तेव्हा मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि डाळीला फोडणी द्यायची म्हणून सोडून दिलं.

हुडको वसाहतीतल्या दुकानात तसे सेल नव्हते. दुकानदार मागवून देतो म्हणाला.

"मंग उद्या नाही जायचं न?" मी विचारलं.

"जायचं."

मला धास्ती वाटली. रविवारी निघण्याआधी त्यांनी तेच सेल थोडा वेळ चार्ज केले होते. मैदानावर रिमोट चालू केला तेव्हा पडद्यावर बॅटरी पूर्ण दिसत होती. काका जवळ आले, वाकून पाहिलं.

"फुल है. चलो, उड़ाओ."

विमान गवतावर तयार होतं. वारा पडलेला होता, असा दिवस उन्हाळ्यात क्वचित मिळतो. यांनी रिमोट बंद केला.

"दिखता फुल है, है नहीं," ते म्हणाले. "मेरे सेल खराब हैं. मैंने ही किए. आज नहीं उड़ाऊँगा."

"फिर आए काहे को?"

"बताने को."

काका हसले नाहीत. विमानाचा पंख त्यांनी बोटाने जरा दाबून पाहिला. "नए डालो, तो पहले ज़मीन पर चलाकर मुझे दिखाना," ते म्हणाले, आणि स्वतःचं विमान उडवायला वळले. तिथे सावलीत एकच बाक आहे, त्यावर त्यांची हत्यारांची पेटी होती. जाता जाता त्यांनी ती उचलून खाली ठेवली.

"वहाँ बैठो. धूप में क्यों खड़े हो?"

हे बसले. मला भाजी घ्यायची होती, ऊन चढत होतं. मी दोनदा स्कूटरची किल्ली वाजवली.

"थांब न वो," ते वर पाहत म्हणाले, "काकाचं विमान उतरू त दे."